अंदालुसियाचा वसंत: बेत आखताना या चुका टाळा

दक्षिण स्पेनमधली सेव्हिल, कोर्दोबा आणि ग्रानादा ही तीन जुनी शहरं निवांत पाहायची, तर आठ-नऊ दिवस हवेत. आपल्याकडे तेवढ्याच दिवसांत लिस्बन आणि बार्सिलोनाही बसवतात. ही पहिली चूक. बाकीच्या बहुतेक चुका तिथलं घड्याळ न समजल्यामुळे होतात.

आधी तारखा. ईस्टर दरवर्षी सरकतो: 2026 मध्ये 5 एप्रिल, 2027 मध्ये 28 मार्च. त्याआधीचा आठवडा म्हणजे सेमाना सांता. सेव्हिलमध्ये तेव्हा रोज मिरवणुका निघतात. येशू आणि मरियमच्या मूर्तींचे अवजड मखर माणसं मानेवर तोलून कॅथेड्रलपर्यंत, म्हणजे शहराच्या मुख्य चर्चपर्यंत, नेतात. पाहण्यासारखं आहेच, पण रस्ते बंद असतात आणि खोल्यांचे भाव चढलेले असतात. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावरून बॅगा घेऊन हॉटेल शोधायचं म्हणजे काय, ते पुणेकरांना सांगायला नको. ईस्टरनंतर साधारण दोन आठवड्यांनी सेव्हिलची फेरिया, म्हणजे जत्रा, भरते, तेव्हा पुन्हा तीच महागाई, आणि तिथले बहुतेक मांडव खासगी असतात, आमंत्रणाशिवाय आत जाता येत नाही. मिरवणुका बघायच्या नसतील तर हे दोन्ही आठवडे टाळा. मार्चच्या उत्तरार्धात गेलात तर सेव्हिलच्या गल्ल्यागल्ल्यांत नारिंगाच्या मोहराचा वास भरलेला असतो. त्यासाठी थोडी थंडी सोसावी, असं माझं मत.

मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास पुढे जातात. भारताशी साडेचार तासांचा फरक साडेतीनवर येतो. त्याच दिवशी सकाळची रेल्वे असेल तर फोन आदल्या रात्रीच तपासा. त्यानंतर सूर्य रात्री साडेआठ-नऊपर्यंत मावळत नाही.

जेवणाच्या वेळांवर मात्र सगळ्यांचीच फजिती होते. साडेबाराला भूक लागते तेव्हा स्वयंपाकघर उघडलेलं नसतं, आणि संध्याकाळी सातला ते पुन्हा बंद असतं. दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊच्या पुढे. सोबत आई-वडील असतील तर यावरून चिडचिड होते, मधुमेह असेल तर काळजीही. उपाय तिथल्याच दिनक्रमात आहे. अकराच्या सुमाराला टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल लावलेला टोस्ट खा, दोनला पोटभर जेवा, मग खोलीवर येऊन चक्क वामकुक्षी घ्या. सहानंतर बाहेर पडलात तरी तीन तास उजेड हातात असतो. दुपारी उन्हात रेटून फिरण्यात काही मिळत नाही, निम्मी दुकानंही तेव्हा मिटलेली असतात.

शाकाहारी मंडळी ‘मांस नको’ एवढंच सांगून थांबतात. साल्मोरेहो हे टोमॅटो-पावाचं दाट गार सूप ऐकायला शाकाहारी, पण वर अंडं आणि हामोन, म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, भुरभुरलेलं येतं. सॅलडमध्ये ट्यूना असतो. म्हणून नावं घेऊन सांगा: ‘सिन हामोन, सिन आतून’, म्हणजे हामोन नको, ट्यूना नको. सेव्हिलमध्ये पालक-छोले हा जुना पदार्थ आहे, तो जरूर मागवा. वांग्याच्या तळलेल्या कापांवर ‘मिएल दे कान्या’ घालतात, ती आपली काकवीच.

कोर्दोबा एका दिवसात उरकू नका. 785 च्या सुमारास मशीद म्हणून सुरू झालेली आणि 1236 मध्ये कॅथेड्रल झालेली मेझकिता दुपारी गर्दीत पाहणं म्हणजे तिच्यावर अन्याय. एक रात्र राहा. रविवार सोडून इतर दिवशी सकाळी साडेआठ ते साडेनऊ एकेकट्याने येणाऱ्यांना सहसा मोफत सोडतात (सणावारी बदल होतो, आदल्या दिवशी विचारा). लाल-पांढऱ्या दुहेरी कमानींखाली तेव्हा आपलीच पावलं ऐकू येतात.

चाकांच्या मोठ्या बॅगा ग्रानादाच्या आल्बायसिन या जुन्या वस्तीतल्या दगडगोट्यांच्या चढावर चालत नाहीत. मुक्काम खाली, सपाटीवर घ्या. आणि स्वेटर बाहेर ठेवा, समोर सिएरा नेवादा पर्वतावर एप्रिलमध्येही बर्फ असतो.

आता अल्हाम्ब्रा, म्हणजे ग्रानादाच्या टेकडीवरचा राजवाडे-बागांचा जुना किल्ला. विमानाची तिकिटं झाली की लगेच याचं तिकीट काढा, हॉटेलच्याही आधी. तिकिटावर छापलेली वेळ मुख्य फाटकाची नसते, ती आतल्या नास्रिद घराण्याच्या राजवाड्यांच्या दाराची असते, आणि फाटकापासून तिथवर पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं. वेळ चुकली की राजवाडे चुकले. तिकीट नावावर असतं, त्यामुळे मूळ पासपोर्ट बरोबर हवा. तिकिटं संपलेली दिसली तर अधिकृत संकेतस्थळ रोज उघडत राहा, रद्द झालेली परत येतात. रात्रीच्या भेटीचं किंवा नुसत्या बागांचं वेगळं तिकीट मिळतं का तेही पाहा. काहीच मिळालं नाही तरी टेकडीवर जा, न्यायद्वार आणि पाचव्या कार्लोस राजाच्या राजवाड्याचा गोल चौक विनातिकीट पाहता येतो.

नास्रिद राजवाड्यांत एकदा शिरलात की बाहेर काढायला कुणी येत नाही. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा हे ठाऊक नव्हतं, मागच्या गर्दीने ढकलल्यासारखे वीस मिनिटांत बाहेर पडलो. दुसऱ्या खेपेला तिथल्या कोमारेस मनोऱ्यासमोरच्या तळ्याशी कडेला उभे राहिलो. एक लोंढा पुढे गेला, दुसरा यायला जरा वेळ होता, आणि तेवढ्यात पाणी स्थिर होऊन अख्खा मनोरा त्यात उतरला.