दुर्मीळ पक्ष्याचा पंचनामा

एकतीस वर्षं तलाठी होतो. गारपिटीनं झोपलेला गहू, पावसानं बसलेली भिंत, वीज पडून मेलेली म्हैस, सगळ्यांचे पंचनामे केले. निवृत्त झाल्यावर दुर्बीण घेतली आणि उजनीच्या काठानं, कुंभारगाव-डिकसळच्या बाजूला, पक्षी बघत हिंडायला लागलो. तेव्हा कळलं, काम तेच आहे. फरक एवढाच, की म्हैस पंचनामा होईपर्यंत जागची हलत नव्हती.

हिवाळ्यात येणारी पोरं विचारतात, "काका, वेगळं काही दिसलं तर करायचं काय?"

आधी पुस्तक उघडायचं नाही. मोबाईलवरचं ॲपही नाही. एकदा चित्र बघितलं की चित्रातलं सगळं समोरच्या पक्ष्यावर दिसायला लागतं. आधी वही. जनावराचा पंचनामा करताना "म्हैस, मुऱ्हा जातीची, वय अंदाजे सहा वर्षे, उजवे शिंग मोडलेले" असं लिहितात, तसंच लिहायचं. शेजारच्या शेकाट्यापेक्षा मोठा की लहान? चोच सरळ की टोकाला वर गेलेली? पाठ एकरंगी की रेघारेघांची? उडाला तेव्हा पंखावर काय दिसलं? आणि जे दिसलं नाही तेही लिहायचं. "पाय पाण्यात होते, रंग दिसला नाही" असं प्रामाणिक वाक्य असलं की बाकीच्या मजकुरावरही विश्वास बसतो.

माझीच फजिती सांगतो. जानेवारीतली सकाळ, होडीत मी आणि नावाडी. चिखलावर गॉडविटचा, म्हणजे लांब चोचीच्या पाणपक्ष्यांचा थवा. उजनीला येतात ते काळ्या शेपटीचे. त्यांत एक मला जरा बुटका आणि चोच वर वळलेला वाटला. झालं! पट्टेरी शेपटीचा गॉडविट! तो समुद्रकाठचा पक्षी, इतक्या आत क्वचितच येतो. घरी येऊन ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, नोंद टाकली आणि वर्णनात लिहिलं, "स्पष्ट दिसला, खात्री आहे." दोन दिवसांनी तपासणाऱ्याचा निरोप आला: उडतानाचा फोटो आहे का? पाठ कशी होती?

राग आला. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे जबाब घेतले, आता माझा जबाब कोण घेतोय? तरी फोटो चाळले. सतरा फोटोंत एक उडतानाचा होता, हललेला, धुरकट. त्यात पंखावर ठसठशीत पांढरा पट्टा आणि शेपटीच्या टोकाला काळं. पट्टेरी शेपटीच्या पंखावर असा पट्टा नसतोच आणि हिवाळ्यात त्याची पाठ रेघांची असते, याची साधी राखाडी होती. बुटका दिसला कारण तो चिखलात रुतला होता. नोंद मीच बदलली.

म्हणून फोटोचं सांगतो. सुंदर फोटो नको, उपयोगी हवा. बसलेल्या पक्ष्याचे चार झाले की बटणावर बोट ठेवून तो उडायची वाट बघा. पण हुसकावू नका. एखादा फोटो लांबून, शेजारचे पक्षी आणि काठ दिसेल असा घ्या. कॅमेऱ्यातलं घड्याळ बरोबर लावा, मूळ फाइल पुसू नका. फोटो चकचकीत करणारी ॲप पिसांवर नसलेल्या रेघा काढून देतात, त्यांच्या नादी लागू नका. आवाज आला तर मोबाईलवर टिपा, धुरकट फोटोपेक्षा कधीकधी तोच कामाचा ठरतो. पायात अभ्यासकांनी घातलेलं कडं किंवा रंगीत पट्टी असेल तर रंग, अक्षरं, सांध्याच्या वर की खाली, आणि पाय डावा की उजवा ते लिहा. डावा म्हणजे पक्ष्याचा डावा, तुमचा नव्हे.

मग स्वतःचीच उलटतपासणी घ्यायची. हा नेहमीचाच पक्षी का नाही? पिल्लू असेल, मादी असेल, पिसं बदलत असेल, संध्याकाळच्या उन्हानं तांबूस दिसत असेल. शेपटीची टोकं झिजलेली आणि माणसाला भीत नसेल तर पिंजऱ्यातून सुटलेला असेल. यातलं प्रत्येक का नाही, ते दोन ओळींत लिहिता आलं तरच दुर्मीळ म्हणायचं.

पंच हवा, पण त्याला नाव आधी सांगायचं नाही. "तो भोवत्या बघ" म्हटलं की त्याला भोवत्याच दिसणार. "तिकडं बघ, काय दिसतंय ते सांग," एवढंच. आमच्या नावाड्याला इंग्रजी नावं बरीच येतात, पण मी त्याला फक्त विचारतो, "हा रोजचा आहे का रे?" त्याच्या "नाही"ला मी फार किंमत देतो.

ईबर्डवर नकाशातली खूण पक्षी दिसला तिथंच लावा, चिलापी खाल्ली त्या हॉटेलावर नको. तपासणारे स्वयंसेवक असतात. नोंद मान्य झाली नाही तरी तुमच्या यादीत राहते, फक्त सगळ्यांसाठीच्या नकाशात दिसत नाही. रुसायचं कारण नाही.

आणि जागेची नोंद खोटी असली की काय होतं, ते रानपिंगळ्याला, म्हणजे नामशेष झालं असं समजलं गेलेल्या छोट्या घुबडाला, विचारा. १८८० च्या दशकात खानदेशात त्याचे नमुने मिळाले होते. पुढं १९१४ ची, गुजरातेतल्या मांडवीची एक नोंद होती, कर्नल माइनर्ट्झहागेन या इंग्रज पक्षीसंग्राहकाच्या नावावर. तो नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी बांधलेला निघाला. थेट बोगस सातबारा! तो बाजूला सारून जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांच्या मागानं निघालेल्या पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या पक्षी शोधणाऱ्यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो दिसला, तोही दिवसाउजेडी.

असा पक्षी किंवा कुणाचंही घरटं सापडलं तर मात्र मोबाईलवरच्या गटात ठिकाण टाकू नका. दुसऱ्या दिवशी तिथं वीस कॅमेरे उभे राहतात. वहीत गट नंबरासकट चतुःसीमा लिहा आणि वही कपाटात ठेवा.