पेल एल चाखताना कडवटपणा कसा ओळखावा

पाडव्याला नेरूळच्या आमच्या घरी कडुनिंबाची कोवळी पानं, गूळ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि जिरं वाटून सगळ्यांच्या हातावर ठेवतात. नुसतं पान चावलं तर तोंड वाकडं होतं, गुळासोबत तेच आवडीनं खाल्लं जातं. पेल एल, म्हणजे फिकट रंगाची, कडवट चवीची बिअर, मला या चटणीवरून कळली. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, हा गूळ आणि हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं, हा कडुनिंब.

फ्रिजमधून काढलेली बिअर लगेच पिऊ नका. फार गार असली की वास दबतो. दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, आपल्याकडच्या मे महिन्यात पाचही पुरतात. ग्लास साबणाचा अंश न राहता धुतलेला हवा, नाहीतर फेस टिकत नाही. ग्लास तिरका धरून ओता, शेवटी सरळ करा, वर दोन बोटं फेस राहू द्या.

आधी वास घ्या. अमेरिकेत १९७२ साली आलेल्या कॅस्केड जातीचे हॉप्स असतील तर मला हमखास पपनसाची साल आठवते. गणपतीच्या दिवसांत बाजारात पपनस मिळतं, तेव्हा साल नखानं खरवडून हुंगून ठेवा. मग बोटावर थोडा फेस घेऊन चाखा. तो खालच्या बिअरपेक्षा कडू लागेल, कारण हॉप्सची कडू द्रव्यं फेसात गोळा होतात.

पहिला घोट सोडून द्या, तोंड सरावायला तेवढं लागतंच. दुसरा घोट जिभेवर फिरवा आणि गिळा. गिळायचंच, कारण कडवटपणा मागाहून चढतो. आता मनात आकडे मोजा. दहा-पंधरापर्यंत चढून स्वच्छ उतरला तर बिअर नीट बनली आहे. घशाला खरवडत चिकटून राहिला तर काहीतरी बिघडलंय. सुपारी चघळल्यासारखी जीभ कोरडी पडली, तर तो कडवटपणा नव्हे, तुरटपणा. आपल्या भाषेत त्याला वेगळा शब्द आहे, तो वापरा.

लेबलवरचा आयबीयू हे कडवटपणाचं माप, ढोबळमानानं लिटरमागे तितके मिलिग्रॅम कडू आम्ल. हॉप्स तासभर उकळले की ते तयार होतं, उकळीच्या शेवटी टाकलेले हॉप्स मुख्यतः वास देतात. अमेरिकन पेल एलमध्ये हा आकडा साधारण ३० ते ५० असतो. पण माल्ट भरपूर असेल तर ४० सुद्धा गोडसर वाटतो आणि पातळ बिअरमध्ये २५ बोचतो. म्हणून मी आकडा चाखून झाल्यावर बघते.

एकदा दुकानात उन्हात मांडलेली हिरवी बाटली आणली, उघडताच उग्र दर्प आला. उजेडानं हॉप्सची द्रव्यं फुटतात. तपकिरी बाटली किंवा कॅन घ्या, आणि तारीख ताजी बघा.

खारे शेंगदाणे चाखून झाल्यावरच काढा. मिठानं कडवटपणा दबतो.