‘आरिव्हिस्ट’ कोणाला म्हणावं आणि कोणाला म्हणू नये

समाजात किंवा राजकारणात वर चढू पाहणाऱ्यांसाठी फ्रेंचमधून तीन शब्द आपल्याकडे आले आहेत: आरिव्हिस्ट, पार्व्हेन्यू आणि नूव्हो रीश. सातारा-सांगलीकडचे लेख, भाषणं, दिवाळी अंकांसाठी लिहिलेली व्यक्तिचित्रं यांत ते अधूनमधून दिसतात, आणि बहुतेक वेळा एकाच्या जागी दुसरा वापरलेला असतो. तिन्हींत टोमणा आहे, पण प्रत्येकाचा रोख वेगळा आहे. तो कळला की निम्मं काम झालं.

नूव्हो रीश म्हणजे सरळ नवश्रीमंत. इथे मुद्दा फक्त पैशाचा, आणि तोही अलीकडे आलेल्या. शिरवळ-खंडाळ्याच्या पट्ट्यात जमीन विकून बंगला बांधला, दारात मोठी गाडी उभी केली, मुलीच्या लग्नात गावाला तीन दिवस जेवू घातलं. या माणसाला फार तर नवश्रीमंत म्हणा. आपल्या बोलीत ‘गुंठामंत्री’ आहेच. त्याला कुठे पोहोचायचंय असं नाही, त्याला खर्च करायचाय. मराठी शब्द इतका नेमका असताना फ्रेंच शब्दाची गरजच पडत नाही.

पार्व्हेन्यू हे ‘पोहोचणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदाचं भूतकाळवाचक रूप: पोहोचलेला. अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये करवसुलीच्या ठेक्यांवर गबर झालेल्यांना जुने उमराव याच नावाने हिणवत. माणूस वर आला, पण वरचे त्याला आपला मानत नाहीत, असा भाव. म्हणजे टोमणा त्याच्या कर्माला नाही, मुळाला आहे. म्हणूनच हा शब्द सर्वांत जपून वापरायचा.

आरिव्हिस्टचा धातूही पोहोचण्याचाच, पण शेवटचा ‘इस्ट’ कम्युनिस्टमधलाच आहे. पोहोचणं हेच ज्याचं तत्त्व, तो आरिव्हिस्ट. त्याच्याकडे पैसा असेलच असं नाही, घराणं मोठं असलं तरी फरक पडत नाही. दोष त्याच्या मार्गात असतो. इंग्रजीत हा शब्द कधीकधी ‘नुकताच वर आलेला’ एवढ्याच अर्थाने येतो आणि पार्व्हेन्यूला जाऊन चिकटतो. मराठीत तो फ्रेंच अर्थानेच वापरलेला बरा, नाहीतर दोन शब्द घेऊन उपयोग काय?

एक नमुना बघा. चौकातल्या फ्लेक्सवर एकाचा फोटो खालच्या ओळीत, बोटाच्या पेराएवढा. पुढच्या वर्षी तो नेत्याच्या खांद्याशी. त्यानंतर नेता बदलला तरी फोटो त्याच जागी. मधल्या काळात पतसंस्थेचं संचालकपद आलं, आणि ज्या मित्रांनी घरोघर फिरून मतं मिळवून दिली त्यांचे फोन उचलणं बंद झालं. हा आरिव्हिस्ट. ‘संधिसाधू’ म्हटलं तर चालतं, पण त्यात चढण दिसत नाही. संधिसाधू आहे तिथेच बसून फायदा घेऊ शकतो. ‘महत्त्वाकांक्षी’ फार सौम्य. ‘उच्चभ्रू’ तर उलटाच, तो आधीपासून वर असतो. ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला’ ही म्हण सांगलीच्या हळद बाजारात कितीही शोभली तरी ती थोडक्यात फुशारणाऱ्याची आहे, चढणाऱ्याची नाही.

शब्द लिहिण्याआधी तीन गोष्टी तपासा. माणूस वर कशाच्या बळावर आला? जाताना त्याने कोणाला तुडवलं किंवा टाकलं? आणि हा शब्द उच्चारणारा स्वतः कुठे उभा आहे? दुसऱ्या प्रश्नाला ठोस उत्तर नसेल तर आरिव्हिस्ट खोडा. तिसरा प्रश्न आपल्याकडे सर्वांत महत्त्वाचा, कारण ‘मूळ काढणे’ म्हणजे जात काढणे, हे वाचकाला लगेच कळतं. १९०० साली साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, आणि ‘कमवा आणि शिका’मधून कष्टकऱ्यांची मुलं शिकून साहेब झाली. त्या वाटेने आलेल्यांच्या राहणीला, बोलीला पार्व्हेन्यू म्हणणं अन्यायाचं आहे, आणि ते लिहिणाऱ्याचीच ओळख सांगून जातं. तिथे ‘स्वकष्टाने वर आलेला’ लिहा. कथेत किंवा नाटकात एखाद्या इनामदाराच्या तोंडी पार्व्हेन्यू घालायला हरकत नाही, कारण तिथे तो शब्द इनामदाराविषयीच बोलतो.

आता लेखन. पार्व्हेन्यू ‘मेन्यू’सारखा लिहा आणि तसाच चालवा: पार्व्हेन्यूचा, पार्व्हेन्यूंना. फ्रेंचमध्ये त्याच्या स्त्रीलिंगी रूपाला एक अक्षर जास्त लागतं, पण उच्चार तोच, त्यामुळे देवनागरीत तो आणि ती दोघांनाही एकच रूप. आरिव्हिस्टमध्ये फ्रेंच स्पेलिंगला दोन ‘र’ असले तरी उच्चारात एकच, म्हणून ‘आर्रि’ नको. सामान्यरूप आरिव्हिस्टाचा, आरिव्हिस्टांना. भाववाचक हवा तर आरिव्हिस्टपणा. नूव्हो रीशचं अनेकवचन फ्रेंचमध्ये लिहिताना बदलतं, बोलताना नाही, ‘रीशेस’ चूक.

पहिल्यांदा शब्द येईल तिथे एकेरी अवतरणात घाला आणि त्याच वाक्यात अर्थ उलगडा: “तो ‘आरिव्हिस्ट’ निघाला, पोहोचण्यासाठी काहीही करणारा.” एका लेखात दोनदा पुरे, तिसऱ्यांदा मराठीत सांगा. खऱ्या, नाव घेतलेल्या माणसाबद्दल लिहिताना विशेषण टाळून कृती लिहा: कोणत्या वर्षी कोणता पक्ष, कोणतं पद. वाचक विशेषण मनातल्या मनात लावतो.

सगळ्यात जास्त घोळ ‘ॲक्टिव्हिस्ट’शी होतो. ‘ॲरिव्हिस्ट’ लिहिलं की मुद्रितशोधक ते ‘सुधारून’ टाकतो, आणि माइकवरून म्हटलं की मागच्या रांगेला कार्यकर्त्याचं कौतुक चाललंय असं वाटतं. म्हणून सुरुवात ‘आ’ने करा, फ्रेंच उच्चारालाही तेच जवळचं. हस्तलिखिताच्या समासात ‘असेच ठेवा’ अशी खूण करा. भाषणात मराठी अर्थ आधी सांगा, क्षणभर थांबा, मग शब्द उच्चारा.