पारडांचे गोल जंत: तिसरा आठवडा चुकवू नका

म्हशी विण्याचा हंगाम आणि पावसाळी ओल एकत्र आली की पारडांमध्ये टॉक्सोकारा हा गोल जंत जोर धरतो. पोटाचा नगारा होईपर्यंत थांबू नका. याच्या अळ्या म्हशीच्या अंगात सुप्त असतात आणि विल्यावर दुधातून पारडात उतरतात. सुप्त अळ्या बहुतेक जंतनाशकांना दाद देत नाहीत, म्हणून म्हशीला औषध पाजून पारडू वाचत नाही. औषध पारडालाच द्यायचं. चीक मात्र तोडू नका, तो हवाच.

आतड्यात प्राणवायू जेमतेम असतो. तिथे हा जंत कसा तगतो, हे त्याच्या जवळच्या नात्यातल्या, डुकरांमधल्या गोल जंतावरून नीट कळलेलं आहे. साखरेपासून तो मॅलिक आम्ल बनवतो, त्याचं फ्युमरिक आणि शेवटी सक्सिनिक आम्ल होतं. आपल्या पेशींत जे काम प्राणवायू करतो, ते इथे फ्युमरिक आम्ल करतं. सक्सिनिकपासून पुढे प्रोपिऑनिकसारखी आम्लं होऊन बाहेर टाकली जातात. या मार्गाने ऊर्जा थोडीच मिळते, म्हणून जंत साखर भरमसाट ओढतो आणि पारडू दूध पिऊनही खंगतं. केस राठ, हगवण, श्वासाला खवट लोण्यासारखा वास ही जास्त जंतांची खूण.

पायपरेझिन हे जंतनाशक दिल्यावर जंतातलं सक्सिनिक आम्ल घटतं, म्हणून पूर्वी औषधाचा वार त्यावरच मानत. खरा वार स्नायूंवर: जंत लुळा पडतो, हालचाल थांबते, आम्लही कमी बनतं. तो मरतोच असं नाही. पारडाला बद्धकोष्ठ असेल तर शुद्धीवर येऊन पुन्हा ठाण मांडतो. आधी कोठा साफ हवा. पायपरेझिनसोबत लेव्हामिसोल किंवा पायरँटेल ही जंतनाशकं देऊ नका. पायपरेझिन जंताचे स्नायू सैलावतं, ही दोन आवळतात. परिणाम एकमेकांना मारतो.

पहिला डोस सुमारे 3 आठवड्यांना, दुसरा 6 आठवड्यांना. अल्बेंडाझोल किलोला 7.5 मिग्रॅ: 40 किलोच्या पारडाला 300 मिग्रॅ, म्हणजे 2.5 टक्के औषध 12 मिली. वजन अंदाजाने धरू नका, कमी डोसातून औषधाला न जुमानणारे जंत उरतात. लेव्हामिसोलचा डोस मात्र चढू देऊ नका. लाळ गळते, अंग थरथरतं. पारडाची मान फार वर न उचलता जिभेवर हळूहळू पाजा, नाहीतर औषध फुफ्फुसात जातं. पोट गच्च भरलेलं, पारडू अशक्त असेल तर आधी पशुवैद्यकाला बोलवा. एकदम मोकळे झालेले जंत आतडं तुंबवतात.

शेणातून पडणाऱ्या जंताच्या अंड्यातली अळी प्राणवायूवरच वाढते, त्यामुळे शेण खोल पुरलं की वाढ थांबते, पण अंडं मरत नाही. जंतुनाशकही त्याच्या जाड कवचापुढे फिकं पडतं. शेणाचा ढीग 55 अंशांवर तापायला हवा. बाहेरचा थर थंडच राहतो, म्हणून ढीग उलटवत राहा.