महापालिकेचा निर्णय होण्याआधी आपले म्हणणे कसे नोंदवावे : नाशिककरांसाठी मार्गदर्शन

रस्त्याच्या कडेला खोदकाम सुरू झाले की रहिवासी एकत्र येतात, निवेदन तयार होते आणि राजीव गांधी भवनात शिष्टमंडळ जाते. परंतु तोपर्यंत प्रस्ताव, ठराव, निविदा आणि कार्यादेश हे सगळे टप्पे उलटून गेलेले असतात आणि समोर बसलेल्या अधिकाऱ्याच्या हाती फारसे काही उरलेले नसते. नाशिक महानगरपालिकेच्या कारभारात नागरिकाला म्हणणे मांडण्यासाठी कायद्याने ज्या जागा ठेवल्या आहेत, त्या बहुतेक निर्णयाच्या आधीच्या आहेत आणि त्यांना ठरावीक मुदत आहे. ती मुदत गाठणे, योग्य कार्यालय निवडणे आणि ज्याची दखल घेणे भाग पडेल असा कागद तेथे पोचवणे, हे या कामाचे मर्म आहे.

सर्वप्रथम निर्णय कोणाचा आहे, हे पाहावे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार महासभा (सर्व नगरसेवकांची सभा), स्थायी समिती (त्यांतील निवडक नगरसेवकांची समिती) आणि आयुक्त यांचे अधिकार वेगवेगळे आहेत. करांचे दर महासभा ठरवते, खर्चाच्या मोठ्या प्रस्तावांना स्थायी समितीची मान्यता लागते आणि अंमलबजावणी आयुक्तांकडे असते. २०१८ मध्ये आयुक्तांच्या आदेशाने घरपट्टीसाठीचे करयोग्य मूल्य (ज्या रकमेवर कर आकारला जातो ती) वाढवले गेले, तेव्हा शहरभर उठलेल्या वादात रकमेइतकाच अधिकाराचाही प्रश्न होता : हे ठरवायचे कोणी, आयुक्तांनी की महासभेने? नागरिकाने हरकत लिहिण्यापूर्वी स्वतःला हाच प्रश्न विचारावा. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यानंतर प्रशासकाच्या काळात महासभा आणि स्थायी समितीचे अधिकारही एकाच व्यक्तीकडे आले होते. अशा काळात पत्राचा पत्ता सोपा होतो, पण उघड चर्चा मात्र नाहीशी होते. शिवाय शहरातील सगळेच काही महापालिकेचे नसते. अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत एमआयडीसीचा संबंध येतो, महापालिका हद्दीबाहेरील गावांच्या नियोजनात महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, आणि सिंहस्थाच्या कामांसाठी २०२५ मध्ये कायद्याने स्वतंत्र कुंभमेळा प्राधिकरणच स्थापन झाले आहे. चुकीच्या दारात दिलेले पत्र 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' पुढे पाठवले जाते आणि त्या प्रवासातच मुदत संपते.

अंदाजपत्रकाबाबत बहुतेकांची वेळ चुकते. आयुक्तांचे अंदाजपत्रक स्थायी समितीकडे जाते, तेथून महासभेकडे, आणि १ एप्रिलला नवे वर्ष सुरू होते. पुढील वर्षाचे करांचे दर तर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावेत, असे अधिनियमच सांगतो. म्हणून फेब्रुवारीत वर्तमानपत्रात आकडे वाचून सूचना करणे म्हणजे पंगत उठल्यावर पान मांडणे होय. विभागांच्या मागण्या त्याआधी काही महिने गोळा होऊ लागतात. आपल्या भागातील पावसाळी गटार, अभ्यासिका किंवा पदपथ यांची सूचना दिवाळीच्या सुमारासच नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक, सातपूर किंवा नाशिकरोड यांपैकी आपल्या विभागीय कार्यालयात द्यावी आणि तिची प्रत संबंधित खात्याच्या अभियंत्याला द्यावी. कामाचे प्राकलन (खर्चाचा तपशीलवार अंदाज) तयार झाले आहे का आणि ते कोणत्या लेखाशीर्षाखाली (अंदाजपत्रकातील खर्चाच्या सदराखाली) बसते, हे अभियंत्यालाच विचारावे. लेखाशीर्ष नसलेली मागणी यादीत टिकत नाही. मागील वर्षांच्या मंजूर कामांचे दायित्वही (मंजूर होऊन बाकी राहिलेल्या कामांचा बोजा) पाहावे, कारण आपण नव्याने मागत असलेले काम कधी कधी तेथे आधीपासून पडून असते आणि मग मागणी तरतुदीची नव्हे, तर काम सुरू करण्याची करावी लागते. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत ठेवली आहे. तशी पद्धत आपल्याकडेही नियमित असावी, ही मागणी करण्यासही हाच हंगाम योग्य आहे.

नागरिकाला सर्वाधिक वाव आहे तो विकास आराखड्यात, म्हणजे शहरातील कोणती जागा कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या नकाशात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ नुसार प्रारूप (कच्चा) आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती व सूचनांसाठी ३० दिवस मिळतात, आणि कलम २८ नुसार नियोजन समितीपुढे सुनावणी होते. मंजूर आराखड्यात पुढे किरकोळ फेरबदल करायचा असेल, तर कलम ३७ खाली सूचना काढून महिनाभर हरकती मागवाव्या लागतात. एखाद्या उद्यानासाठी किंवा शाळेसाठी राखून ठेवलेल्या जागेचे हे आरक्षण बदलायचे असते, तेव्हा ते बहुधा याच कलमातून शांतपणे पुढे सरकते. त्यामुळे राजपत्र आणि स्थानिक वर्तमानपत्रांतील बारीक अक्षरांच्या जाहीर सूचना वाचण्याची जबाबदारी प्रत्येक कॉलनीने एका माणसावर टाकावी. हे कंटाळवाणे काम आहे, पण त्याला पर्याय नाही. हरकतींनी काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांना २०१३ च्या प्रारूप आराखड्याची आठवण करून द्यावी : त्याला इतका विरोध झाला की आराखडा नव्याने करावा लागला आणि शहराला मंजूर आराखडा मिळायला २०१७ उजाडले.

हरकत कशी लिहावी, हे नमुन्यावरून अधिक स्पष्ट होईल. 'आमच्या भागावर अन्याय झाला आहे, तरी न्याय मिळावा' या वाक्याला समितीकडे उत्तर नसते, कारण त्यात प्रश्नच नसतो. त्याऐवजी असे लिहावे : 'भाग नकाशा क्रमांक अमुक, गट क्रमांक अमुक यावरील उद्यानाचे आरक्षण वगळून तेथे वाहनतळ प्रस्तावित केले आहे. या जागेपासून पायी अंतरावर दुसरे सार्वजनिक उद्यान नाही. त्याच रस्त्यावर अमुक क्रमांकाचे वाहनतळाचे आरक्षण आजही अविकसित आहे. म्हणून उद्यानाचे आरक्षण कायम ठेवावे आणि वाहनतळासाठी आधीचे आरक्षण विकसित करावे. सुनावणीत समक्ष म्हणणे मांडण्याची संधी द्यावी.' यात जागा ओळखता येते, कारण तपासता येते, पर्याय दिलेला आहे आणि सुनावणीही मागितली आहे. सोबत आराखड्याच्या त्या भागाची प्रत जोडून जागेभोवती लाल रेघ काढावी आणि तारखेसह दोन छायाचित्रे लावावीत. एकच छापील मजकूर शेकडो सह्यांनी देण्याचा प्रघात आहे. त्याने राजकीय वजन पडते, हे खरे, पण समितीच्या लेखी तो एकच मुद्दा असतो. वेगवेगळ्या घरांतून आलेल्या, वेगवेगळी वस्तुस्थिती सांगणाऱ्या दहा हरकती माझ्या मते अधिक उपयोगी पडतात.

कागद देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. पोच देण्यास टाळाटाळ झाली, तर त्याच दिवशी पोचपावतीसह नोंदणीकृत टपालाने प्रत पाठवावी.

झाडांच्या बाबतीत १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली वृक्षतोडीच्या प्रस्तावाची जाहीर सूचना निघते आणि ती झाडावरही लावली जाते. २०२५ च्या अखेरीस साधुग्रामासाठी (सिंहस्थातील साधूंच्या निवासासाठी) तपोवनातील झाडांबाबत अशी सूचना निघाली, तेव्हा नागरिकांनी मोठ्या संख्येने हरकती नोंदवल्या आणि महापालिकेला सुनावणी घ्यावी लागली. येथे मुदत फारच कमी असते. म्हणून झाडाचा क्रमांक, जात, खोडाचा घेर आणि ५० वर्षांपेक्षा अधिक वयाचे असल्यास 'हेरिटेज वृक्ष' असा उल्लेख, एवढे तरी हरकतीत असावेच.

हे सर्व लिहायचे तर आधी माहिती हाती हवी. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांच्या शुल्कात होतो आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते; म्हणजे हरकतीचीही मुदत ३० दिवसांची असेल, तर उत्तर हाती येईपर्यंत संधी निघून गेलेली असते. अशा वेळी अभिलेख पाहण्याची सोय अधिक कामाची आहे. राज्य शासनाच्या २०१८ च्या परिपत्रकानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहण्यासाठी उपलब्ध करून द्यावयाचे आहेत. तेथे विषयपत्रिका, मागील सभेचे इतिवृत्त आणि प्रस्तावासोबतची टिप्पणी मागावी. टिप्पणी आवर्जून वाचावी, कारण प्रस्ताव का आणला आणि कोणत्या खात्याने काय अभिप्राय दिला, हे तेथेच असते. पुष्कळदा आपल्या हरकतीचा सर्वांत भक्कम मुद्दा महापालिकेच्याच एखाद्या खात्याने आधी लिहून ठेवलेला सापडतो.

लोकशाही दिनाचा उपयोग मात्र यासाठी करू नये. तेथे वैयक्तिक स्वरूपाची गाऱ्हाणी ऐकली जातात, धोरणावरचे म्हणणे नव्हे. याउलट २००९ मध्ये अधिनियमात आलेली क्षेत्रसभा नेमकी यासाठीच आहे : काही मतदान केंद्रांचा मिळून एक भाग, त्यातील सगळे मतदार सदस्य आणि नगरसेवक अध्यक्ष. खेड्यातील ग्रामसभेला जे स्थान आहे, ते शहरात हिला मिळावे अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती अनेक मतदारांनी नावानेही ऐकलेली नाही. आपल्या नगरसेवकाकडे क्षेत्रसभा बोलावण्याची लेखी मागणी करावी आणि त्या पत्राची प्रत विभागीय अधिकाऱ्याला द्यावी.

सुनावणीला प्रत्येकाला मोजकीच मिनिटे मिळतात. त्यामुळे पत्र वाचून दाखवण्यात वेळ घालवू नये; नकाशा पुढे ठेवून जागा दाखवावी, एकच कारण सांगावे, पर्याय सांगावा आणि बोललेले इतिवृत्तात नोंदवण्याची विनंती करावी. सोसायटीतर्फे जात असल्यास ठरावाची प्रत आणि प्राधिकारपत्र सोबत ठेवावे. सुनावणीनंतर समितीने आपल्या हरकतीवर काय शिफारस केली, याची प्रत माहिती अधिकारात मागावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास प्रथम अपील करावे आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरे अपील करता येते. आराखड्याच्या बाबतीत महापालिकेचा टप्पा संपला तरी प्रकरण संपत नाही, कारण अंतिम मंजुरी राज्य शासनाची असते आणि शासनाने महत्त्वाचे बदल सुचवले, तर तेवढा भाग वगळून त्यावर पुन्हा हरकती मागवल्या जातात. त्यासाठी पोच घेतलेल्या मूळ हरकतीची प्रत नगरविकास विभागाला आणि नगररचना संचालकांना लगेच पाठवून ठेवावी आणि वगळलेल्या भागाची सूचना निघाली की तोच आवक क्रमांक देऊन पुन्हा हरकत दाखल करावी.