पतसंस्थेच्या अपहारात नाव आलं? पहिल्या काही दिवसांतल्या या चुका टाळा

"चेअरमनसाहेब म्हणाले म्हणून सही केली." अपहाराच्या गुन्ह्यात नाव आलेला रोखपाल किंवा शाखाधिकारी वकिलाला पहिल्यांदा भेटायला येतो तेव्हा बहुतेक वेळा हेच सांगतो. पुष्कळदा ते खरंही असतं. पण कोर्टात ते दाखवायला कागद लागतो, आणि तोच कागद घाबरलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने घालवलेला असतो.

खुलासा न देणं

फिर्याद आकाशातून पडत नाही. सहकार कायद्याच्या कलम ८१ प्रमाणे लेखापरीक्षकाला अपहार आढळला तर फिर्याद देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. कलम ८३ ची चौकशी आणि कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी ठरवणं, हे वेगळंच चालतं. या टप्प्यांवर तुमच्याकडे लेखी खुलासा मागितला, तर "वरचे बघून घेतील" म्हणून तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवू नका. वेळेत दिलेला, वकिलाने वाचलेला खुलासा पुढे फार उपयोगी पडतो. आधी गप्प राहून कोर्टात पहिल्यांदा सांगितलेली गोष्ट सहज पटत नाही.

मेसेज पुसणं, व्हाउचर मागच्या तारखेने करणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. मागच्या तारखेचं व्हाउचर केलंत तर बनावट दस्तऐवजाचं कलमही लागू शकतं. म्हणजे ज्याने पैशाला हात लावला नाही, तोही खरोखरचा आरोपी होतो. शिवाय "आज तीन लाख द्या, व्हाउचर नंतर पाठवतो" हा चेअरमनचा मेसेज तुमचा बचाव असतो. तो पुसलात की उरते फक्त तुमची सही. मूळ फोन जपून ठेवा, विकू नका, रीसेट करू नका. असा पुरावा कोर्टात द्यायला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही.

फोन बंद करून गावी जाणं

आधी एफआयआर वाचा. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे, संवेदनशील गुन्हे सोडले तर तो पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा लागतो. १ जुलै २०२४ च्या आधीच्या कृत्याला जुन्या दंड संहितेची ४२० (फसवणूक) आणि ४०९ (विश्वासघात) ही कलमं लागतात, नंतरच्याला न्याय संहितेची ३१८(४) आणि ३१६(५). फसवणुकीला जास्तीत जास्त सात वर्षं शिक्षा आहे. ३१६(५) च्या विश्वासघाताला जन्मठेपेपर्यंत. त्यामुळे हे दुसरं कलम दिसलं तर अटकपूर्व जामिनाचं त्याच दिवशी बघा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, म्हणजे पोलिसांपुढे हजर राहण्याची नोटीस आली असेल तर हजर राहा. हजर राहणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणं नोंदवावी लागतात. न जाणाऱ्याने ते कारण स्वतःच पुरवलेलं असतं.

जबाबात अंदाज बांधणं

"बहुतेक मीच दिले असतील" असं वाक्य कधीही बोलू नका. आठवत नसेल तर "रोजकीर्द बघून सांगतो" म्हणा. ज्या उत्तराने तुम्हीच गुन्ह्यात अडकाल ते न देण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि पोलिसांपुढच्या जबाबावर सही घ्यायची नसते. ईडीचं मात्र वेगळं. तिथे मनी लाँडरिंग कायद्याच्या (पीएमएलए) कलम ५० खाली घेतलेला जबाब सहीचा असतो आणि खोटं सांगणं शिक्षेला पात्र असतं. त्या समन्सला पोलीस ठाण्याच्या सवयीने जाऊ नका.

"पैसे भरून टाकू, मिटेल"

बायकोचे दागिने मोडून, वडिलांची जमीन विकून दुसऱ्याने केलेली तूट भरणारी माणसं मी पाहिली आहेत. फार वाईट वाटतं, कारण पैसे भरल्याने गुन्हा आपोआप संपत नाही. फसवणुकीचं कलम कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतं, ३१६(५) तसं मिटत नाही, त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. आणि बिनशर्त भरलेली रक्कम कबुलीसारखी वाचली जाते. भरायचीच तर वकिलामार्फत, हक्क राखून, म्हणजे ही कबुली नाही असं लिहून भरा.

चेअरमनचाच वकील घेणं

तो फी मागत नाही म्हणून बरं वाटतं. पण चेअरमनचा बचाव "कर्मचाऱ्यांनी केलं" असाच असणार, मग तुमची बाजू तो मांडणार कशी? ठेवीदारांच्या संरक्षणासाठी १९९९ साली झालेल्या एमपीआयडी कायद्यात संचालकांबरोबर कारभाराला जबाबदार असलेला कर्मचारीही येतो. म्हणून कारभार कोणाच्या हातात होता हे वेगळं दाखवावं लागतं.

फसवणुकीला सुरुवातीपासूनचा खोटा हेतू लागतो, विश्वासघाताला मालमत्ता तुमच्याकडे सोपवलेली असावी लागते. एकाच व्यवहारावर ही दोन्ही कलमं एकत्र टिकत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या निकालात सांगितलं आहे. तेव्हा पहिल्या भेटीला नेमणूकपत्र, कामवाटपाचा आदेश, कर्जमंजुरीचे ठराव आणि तिजोरीची दुसरी किल्ली कोणाकडे असायची याची नोंद, जे तुमच्याकडे रीतसर असेल ते घेऊन या. जे संस्थेत अडकलंय त्याची यादी करून आणा, ते कोर्टामार्फत मागवता येतं.