मराठीच्या तासाला पुढे धावणारी मुले : तिसरी-चौथीच्या शिक्षकांसाठी

वर्गातील बहुतेक मुले धड्याचा दुसरा परिच्छेद वाचत असताना एखादे मूल धडा संपवून, स्वाध्याय सोडवून, वही मिटून बसलेले असते. अशा वेळी आपण शिक्षक सवयीने त्याला आणखी दहा ओळी शुद्धलेखन देतो किंवा शिष्यवृत्ती परीक्षेची सरावपत्रिका पुढे करतो. मुलाला ही शिक्षाच वाटते, आणि लवकर काम संपवू नये एवढेच तो त्यातून शिकतो. पुण्यात १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू झाली तेव्हापासून महाराष्ट्रात प्रज्ञावान मुलांच्या शिक्षणाचा विचार होत आला आहे. तरीही अशी बहुसंख्य मुले आजही साध्या वर्गातच, चाळीस जणांमध्ये बसतात. त्यांच्यासाठी काय करता येईल, ते त्या वर्गातूनच सांगितले पाहिजे.

पहिले काम अशी मुले ओळखण्याचे आहे आणि त्यात घाई करू नये. सुंदर अक्षर आणि पैकीच्या पैकी गुण ही भाषेच्या प्रज्ञेची भरवशाची खूण नव्हे. जे मूल शब्दांशी खेळते, ऐकलेल्या गोष्टीचा शेवट बदलून सांगते, ‘असेच का म्हणायचे?’ असे विचारून आपल्याला अडवते, त्याच्याकडे लक्ष द्यावे. घरी अहिराणी किंवा मालवणी बोलणारे मूल प्रमाण मराठीत अडखळते म्हणून त्याला मागे समजणे ही फार मोठी चूक आहे, कारण ते दिवसभर दोन व्याकरणे सांभाळत असते.

यानंतरचे सूत्र एकच आहे : काम वाढवू नये, कामाची खोली वाढवावी. व्याकरण हे त्यासाठी उत्तम क्षेत्र आहे, कारण मुलाला भाषा येत असते, पण तिचे नियम त्याने पाहिलेले नसतात. नियम सांगून उदाहरणे मागण्याऐवजी उदाहरणे देऊन नियम शोधायला लावावा. सामान्यरूपाचा, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाच्या रूपात होणाऱ्या बदलाचा, एक पाठ मी दरवर्षी घेतो, तो येथे तपशिलाने देतो.

चिठ्ठ्यांवर फूल, मूल, चूल, गरीब, वकील, जमीन, मजूर, माणूस, कापूस, लाकूड, बेरीज, तारीख असे शब्द लिहावेत. प्रत्येक शब्दाला ‘ला’ प्रत्यय लावून नवे रूप चिठ्ठीच्या मागे लिहायला सांगावे, आणि काय बदलले त्यानुसार चिठ्ठ्यांचे ढीग करायला सांगावे. फुलाला, मुलाला, चुलीला, गरिबाला, वकिलाला, जमिनीला, मजुराला यांत दीर्घ स्वर ऱ्हस्व झाला. माणसाला, कापसाला, लाकडाला, बेरजेला, तारखेला यांत मधला ईकार किंवा ऊकार नाहीसाच झाला. आता ‘दुसऱ्या ढिगातल्या शब्दांची सुरुवात पाहा’ एवढेच म्हणावे आणि गप्प राहावे. मा, का, ला, बे, ता ही जड, म्हणजे दीर्घ स्वराची, अक्षरे मुलांना पाच-सात मिनिटांत दिसतात. न दिसल्यास त्यांना शब्द टाळ्या वाजवत म्हणायला लावावेत. या शांततेत उत्तर सांगून टाकण्याचा मोह होतो, तो आवरणे हेच या पाठातील शिक्षकाचे खरे कौशल्य आहे.

नियम सापडल्याचा आनंद ओसरण्यापूर्वीच गीत, दूत, रूप, शरीर या चार चिठ्ठ्या पुढे ठेवाव्यात. गीताला, दूताला, रूपाला, शरीराला : येथे काहीच बदलत नाही. एका वर्षी चौथीतील एक मुलगी या चिठ्ठ्यांवर बराच वेळ रेंगाळली. वकील आणि जमीन हे शब्द अरबी-फारसीतून आले आहेत, हे तिला आदल्या आठवड्यात कळले होते. तिने विचारले, “सर, वकील बाहेरून आला तरी आपला नियम पाळतो, मग गीत का पाळत नाही?” संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द, म्हणजे तत्सम शब्द, या बाबतीत आपले मूळ रूप राखतात, असे मी तिला सांगितले. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांतही ही सूट आहे. पण तिचा प्रश्न त्या उत्तरापेक्षा मोठा होता, म्हणून तो मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून महिनाभर तसाच ठेवला.

शब्दांच्या मुळांचा शोध हा याच पाठाचा पुढचा भाग होतो. स्वयंपाकघरातील शब्दांची यादी करून आणायला सांगावी : बटाटा आणि पाव पोर्तुगिजांकडून आले, तूप या शब्दाचे नाते कानडीशी आहे. घरच्या बोलीतील शब्दही याच यादीत मानाने लिहावेत; वऱ्हाडीतील ‘काऊन’ आणि मालवणीतील ‘खंय’ यांना प्रमाण मराठीत काय म्हणतात हे मुलांनीच एकमेकांना शिकवावे.

लेखनात या मुलांची अडचण वेगळी असते. त्यांचे विचार हातापेक्षा वेगाने धावतात, वाक्ये अर्धवट राहतात आणि वेलांट्या चुकतात. म्हणून पहिल्या खर्ड्यावर लाल पेन चालवू नये; आधी आशयाबद्दल बोलावे आणि शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी, त्या मुलाकडूनच तपासून घ्यावे. ‘पावसाळा’ या विषयावर दोन पाने लिहिण्यापेक्षा एकच प्रसंग आधी शंभर शब्दांत आणि मग चाळीस शब्दांत लिहायला सांगावे. कोणता शब्द गाळला आणि का, याचे उत्तर देताना मुलाला स्वतःच्या लेखनाकडे वाचकाच्या नजरेने पाहावे लागते. आजीकडून जात्यावरची ओवी ऐकून ती लिहून आणणे आणि त्याच चालीवर स्वतःची ओवी रचणे हेही काम मुलांना फार आवडते.

वेळेचे गणित अवघड नाही. आठवड्यातून दोन तासांमध्ये शेवटची वीस मिनिटे पुरतात, मात्र ही मुले ज्या स्वाध्यायात पारंगत आहेत तो त्यांना माफ करावा, नाहीतर नवे काम जुन्यावर चढते. चिठ्ठ्यांचे ढीग पाकिटात घालून कपाटात ठेवावेत आणि पुढच्या आठवड्यात ते संपूर्ण वर्गासमोर उघडावेत. दुसऱ्या ढिगाचे रहस्य कधी कधी शेवटच्या बाकावरचे मूल आधी ओळखते, आणि मग पुढच्या वीस मिनिटांसाठी त्यालाही बोलवावे.